आभाराच्या पंगतीचे देणे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबर महिन्याचा चौथा गुरुवार हा आभार मानण्याचा दिवस म्हणून कायद्याने नेमलेला आहे, आणि त्या दिवशी तेथील बहुतेक घरांतून जे भोजन होते त्याची आखणी घरातील कर्ती माणसे पंधरा-पंधरा दिवस आधीपासून करीत असतात. वरवर पाहता ही एका सणाची साधी हकीकत आहे; पण धर्माचा विचार करणाऱ्याला तीत अडवून धरणारा एक प्रश्न आहे. कृतज्ञता हा जर अंतःकरणाचा सहजोद्गार असेल, तर तिला तारीख कशी असू शकेल, तिच्यासाठी बाजाराची यादी कशी करता येईल, आणि कोणता पदार्थ ओव्हनमध्ये किती वाजता ठेवावयाचा याचे वेळापत्रक हे भक्तीचे अंग कसे मानता येईल? या प्रश्नाच्याच पोटात दुसरा, अधिक अवघड प्रश्न आहे. जे आपल्या ताटात आले ते ईश्वराने दिले असे म्हणताना, ते ज्यांच्या हातून आले, आणि कित्येकदा ज्यांच्या हातून हिरावले गेले, त्यांची नोंद आभाराच्या कोणत्या कलमात करावयाची? थँक्सगिव्हिंगचे भोजन आणि विशेषतः त्यातील तोंडीलावणी यांचा विचार करता करता या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या जवळ येतात असे मला दिसते.

पहिल्या प्रश्नाचा निकाल आधी लावतो, कारण तो तुलनेने सोपा आहे. आभार आतून उमलावे लागतात, ठरवून मानलेले आभार हा केवळ शिष्टाचार होय, असे म्हणणारांच्या मनात कृतज्ञतेची जी कल्पना असते ती मुळात आनंदाची कल्पना असते. इच्छिलेले अकस्मात लाभले म्हणजे मन भरून येते आणि त्या भरून येण्यालाच ते कृतज्ञता समजतात. परंतु जे रोज मिळते, ज्याच्या मिळण्याची इतकी सवय झालेली असते की ते मिळाले हेच ध्यानात येत नाही, त्या अन्नाबद्दल, त्या पाण्याबद्दल आणि घरात वावरणाऱ्या माणसांबद्दल मन आपण होऊन भरून येत नाही, आणि नेमके तेथेच आपले देणे सर्वांत मोठे असते. पितरांचे श्राद्ध तिथीला होते, शोक दाटून येईल त्या दिवशी नव्हे. आणि तिथी आली म्हणून जो दर्भ हाती घेतो त्याला, पिंड देता देता, वर्षभर न आठवलेले आठवते, हा आपल्याकडील असंख्य घरांचा अनुभव आहे. नेमलेला दिवस भावना निर्माण करीत नाही हे खरे, पण तो विस्मृतीला मुदत घालून देतो. असा दिवस राज्यसत्तेने नेमावा काय, हा निराळा वाद आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ सालच्या २६ नोव्हेंबरसाठी काढलेला जाहीरनामा जसा प्रसिद्ध आहे, तसाच टॉमस जेफर्सन यांनी अध्यक्षपदावर असताना असे जाहीरनामे काढण्यास दिलेला नकारही प्रसिद्ध आहे. प्रार्थना ही सरकारच्या अखत्यारीतील बाब नव्हे हे जेफर्सन यांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र ते सरकारला लागू पडते, पंचांगाला नाही.

आता आखणीकडे वळू, कारण माझ्या मते या सणाचे धर्मतत्त्व टेबलाशी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेपेक्षा आखणीत अधिक आहे. पंगतीच्या मध्यभागी टर्की हा भला मोठा पक्षी. माणशी एक ते दीड पौंड या मानाने दहाबारा माणसांना पंधरा पौंडांचा पक्षी लागतो. तो बहुधा गोठविलेला मिळतो, आणि रेफ्रिजरेटरमध्ये तो हळूहळू मोकळा होण्यास दर चार-पाच पौंडांमागे एक अहोरात्र लागत असल्यामुळे गुरुवारच्या भोजनाचा आरंभ रविवारी रात्रीच करावा लागतो. क्रॅनबेरी ही मॅसॅच्युसेट्स आणि विस्कॉन्सिनच्या पाणथळ जमिनीत होणारी आंबटढाण तांबडी फळे साखरपाण्यात उकळू लागली की एकेक करून फुटतात, आणि त्यांच्या अंगच्याच गुणाने तो पाक निवल्यावर थिजतो; म्हणून हे आंबटगोड तोंडीलावणे सोमवारी-मंगळवारीच करून ठेवता येते. स्टफिंगसाठी पावाचे चौकोनी तुकडे करून वाळत घालावयाचे ते मंगळवारी, म्हणजे कांदा, सेलरी, लोणी आणि सेजची पाने यांच्यासह सूप शिंपून भाजताना त्यांचा लगदा होत नाही. पंपकिन पाय बुधवारी, कारण भोपळ्याचा गर, दूध, अंडी, दालचिनी, सुंठ व जायफळ यांचे ते सारण पुरते निवल्याशिवाय सुरी लावू देत नाही. गुरुवारी सकाळी बटाटे सोलून पाण्यात टाकावयाचे, रताळी उकडावयाची, फरसबीच्या शेंगा निवडावयाच्या. टर्कीच्या सर्वांत जाड भागातील उष्णमान १६५ अंश फॅरनहाइटला पोचले म्हणजे ती बाहेर काढून अर्धा तास तशीच राहू द्यावी लागते, नाही तर सुरी लावताच सारा रस थाळीत वाहून जातो. आणि ओव्हन एकच असलेल्या घरात नेमक्या त्या अर्ध्या तासात स्टफिंग, रताळी, फरसबीचे कॅसरोल आणि लहान पाव ही सारी तोंडीलावणी आत जाऊन गरम होऊन बाहेर यावयाची असतात, बटाटे कुस्करून लोण्यादुधात घोटावयाचे असतात, आणि टर्कीच्या भांड्याच्या तळाशी जो रस उरला असेल त्यातून ग्रेव्ही सिद्ध व्हावयाची असते.

हा सारा तपशील मी विस्ताराने दिला तो अशासाठी की, त्यातील प्रत्येक ओळीमागे एखादे माणूस उभे असते. कोणाला दूध चालत नाही, कोण मांस खात नाही, कोणाची या घरातील पंगतीला बसण्याची ही पहिलीच वेळ, आणि कोणाची पत्नी वसंतात वारली म्हणून तिच्या हातची रताळी यंदा कोणी करावयाची, हे ज्याला ठरवावे लागते तो चार दिवस दुसऱ्यांचाच विचार करीत असतो. डोळे मिटून मिनिटभर म्हटलेली प्रार्थना खोटी नसते. परंतु ज्याने या लोकांसाठी चार दिवस आपले लक्ष खर्ची घातले त्याची प्रार्थना बुधवारी रात्रीच बरीचशी म्हणून झालेली असते. म्हणूनच कुटुंबाकुटुंबांतून वर्षानुवर्षे तीच तोंडीलावणी होतात, आणि त्यांत बदल सुचविणाऱ्याला विरोध होतो. दक्षिणेकडील राज्यांत पावाऐवजी मक्याच्या पावाचे स्टफिंग हवे असते आणि पायमध्ये भोपळ्याच्या जोडीला पेकन हवे असते. कृष्णवर्णीय कुटुंबांच्या पंगतीत मॅकरोनी-चीज आणि कोलार्डची पालेभाजी यांना टर्कीइतकाच मान असतो. फरसबीचे कॅसरोल तर १९५५ साली कॅम्पबेल सूप कंपनीच्या पाकशाळेत डॉर्कस रायली यांनी सिद्ध केलेले, डब्यातील मशरूम सूप आणि डब्यातीलच तळलेला कांदा यांवर उभे राहिलेले. तरीही दोन-तीन पिढ्यांनी ते आपल्या आईच्या हातून खाल्ले आणि तेवढ्याने ते वहिवाटीत आले. डब्यातले म्हणून त्याला नाक मुरडणारे लोक आहेत. मला तसे करावेसे वाटत नाही. ज्या पदार्थाभोवती गेलेल्या माणसांची आठवण साठत जाते तो पदार्थ त्या घराच्या दृष्टीने नैवेद्याच्या योग्यतेचा होतो.

एवढ्यावर थांबता आले असते तर हा निबंध सुखाचा झाला असता. पण आभाराचा दिवस ज्या प्रसंगाशी जोडला जातो त्या प्रसंगाचे कागद उघडले म्हणजे दुसरा प्रश्न समोर येतो आणि तो टाळता येत नाही. १६२० सालच्या अखेरीस मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या १०२ प्रवाशांपैकी सुमारे निम्मे पहिल्या हिवाळ्यातच मेले. पुढल्या शरदात पीक घरात आल्यावर प्लिमथच्या वसाहतीत जी मेजवानी झाली तिची हकीकत एडवर्ड विन्स्लो याने ११ डिसेंबर १६२१ रोजी इंग्लंडला लिहिलेल्या पत्रात थोड्या ओळींत दिली आहे. गव्हर्नराने चार माणसांना पक्ष्यांच्या शिकारीस धाडले. वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट आपली नव्वदएक माणसे घेऊन आला. तीन दिवस पाहुणचार चालला. पाहुण्यांनी स्वतः रानात जाऊन पाच हरणे मारून आणली. यजमान सुमारे पन्नास आणि पाहुणे नव्वद, आणि मेजवानीतील मांसाचा मोठा वाटा पाहुण्यांनी आणलेला! पत्रात टर्कीचे नाव नाही, जरी त्या शरदात रानटर्की पुष्कळ मिळत होत्या असे विल्यम ब्रॅडफर्ड याने आपल्या बखरीत नमूद केले आहे. बटाटा त्या पंगतीत नव्हता, आणि पाय भाजण्याजोगे लोणी व गव्हाचे पीठही नव्हते. आणखी एक गोष्ट पत्रात नाही. त्या हिवाळ्यातून प्रौढ विवाहित स्त्रिया चारच वाचल्या होत्या. तीन दिवस जे काही रांधले गेले त्याचा भार त्यांच्यावर आणि हाताशी असलेल्या मुलींवरच पडला असणार, पण विन्स्लोने देवाच्या कृपेचा उल्लेख केला, राजाचा केला, हरणांची संख्यासुद्धा दिली, आणि चुलीपाशी कोण होते हे लिहिले नाही.

याच पत्रात पिकाचा जो वृत्तांत आहे तो मला फार बोलका वाटतो. वीसेक एकर मका पेरला होता, आणि सहाएक एकरांत इंग्लंडहून आणलेले बार्ली व वाटाणे. वाटाणा वाया गेला, बार्ली बेताची आली, मका उत्तम पिकला. मग हा मका कोठून आला? नोव्हेंबर १६२० मध्ये, केप कॉडच्या किनाऱ्यावर जागेच्या शोधात हिंडत असताना, या प्रवाशांना वाळूच्या ढिगाखाली टोपल्यांत पुरून ठेवलेले मक्याचे साठे सापडले. ते तेथील रहिवाशांचे बियाणे होते. प्रवाशांनी ते उचलले, आणि आपल्या वृत्तांतात, हा मका आपणास सापडला ही ईश्वराचीच दया, असा अभिप्राय नोंदविला. येथे सारा प्रश्न एका ठिकाणी येऊन बसतो. उपाशी माणसाला बी सापडले आणि त्याच्या मुखातून देवाचे नाव निघाले, यात खोटे काहीच नाही. पण ज्या स्त्रियांनी ते कणीस तोडले, वाळविले, टोपलीत भरले आणि पुढल्या वर्षाच्या आशेने पुरले, त्यांना वगळून ही कृपा देवापर्यंत पोचत नाही. त्या वसाहतवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट आदराने सांगितली पाहिजे. धनी भेटला म्हणजे भरपाई करावयाची असा निश्चय त्यांनी त्याच वेळी केला, आणि पुढल्या वर्षी त्या लोकांची गाठ पडल्यावर तो पाळला. देवाचे आभार मानले आणि माणसाचे देणे फेडले. प्लिमथच्या साऱ्या इतिहासात आभार मानण्याचा याहून शुद्ध प्रकार मला आढळत नाही, आणि त्याची आठवण म्हणून मात्र कोणताही सण पाळला जात नाही.

कारण पुढे वळण निराळे लागले. मका कसा पेरावा, प्रत्येक आळ्यात मासळीचे खत कसे घालावे हे ज्याने शिकविले तो टिस्क्वांटम हा पॅटक्सेट गावचा. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पकडून स्पेनमध्ये विकावयास नेले, तेथून इंग्लंडमार्गे तो १६१९ मध्ये परतला तेव्हा साथीच्या रोगाने त्याचे सारे गाव मेलेले होते, आणि प्लिमथ वसले ते त्याच गावाच्या मोकळ्या पडलेल्या शेतांवर. राजा पहिला जेम्स याने १६२० साली न्यू इंग्लंडसाठी जी सनद दिली तीत या साथीचा उल्लेख ईश्वरी करणी म्हणून आलेला आहे. भूमी रिकामी करून देवाने ती आपल्या प्रजेसाठी सिद्ध केली असा तिचा रोख आहे. ज्या माणसाच्या घरातील प्रत्येक जीव त्या साथीत गेला त्यानेच बी कसे रुजवावे हे शिकवावे, आणि ज्यांनी शिकून घेतले त्यांच्या राजाच्या सनदेत त्या मृत्यूंची जमा देवाच्या देणगीत धरली जावी, याहून विदारक गोष्ट कोणती! या वसाहतवाल्यांच्या प्युरिटन धर्मविचारात ख्रिसमस आणि संतांचे सण यांना थारा नव्हता. देवाचा कोप दिसला तर उपोषण व अनुतापाचा दिवस पाळावा आणि कृपा दिसली तर आभाराचा, अशी दुहेरी व्यवस्था होती. तिच्यात एक खोल सचोटी आहे, आणि एक भयंकर धोकाही आहे. 'मला मिळाले' हे कृतज्ञतेचे वाक्य आहे. 'मलाच मिळावयाचे होते' हे गर्वाचे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना माणसाला उंबरठा जाणवत नाही, कारण दोन्हीकडे ओठांवर देवाचेच नाव असते. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम याने १६७५ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि पुढल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो मारला गेला. त्याचे शिर प्लिमथला आणले गेले तो वसाहतीने नेमलेला आभाराचाच दिवस होता, आणि ते शिर तेथे खांबावर वर्षानुवर्षे राहू दिले गेले. त्याच्या लहान मुलाचे काय करावे यावर धर्मोपदेशकांनी शास्त्रार्थ केला, आणि अखेर ते मूल गुलाम म्हणून विकण्यासाठी परमुलखात पाठविण्यात आले. पंचावन्न वर्षांपूर्वी त्या मुलाच्या आजोबाच्या माणसांनी पाच हरणे आणली होती.

हे वाचून कोणी म्हणेल, मग हा दिवसच टाकून द्यावा. मी तसे म्हणत नाही. देवाला मधल्या हातांची उधारी चुकविण्याची सबब करणे हा कृतज्ञतेचा विपर्यास आहे, आणि विपर्यास झाला म्हणून मूळ वस्तू त्याज्य ठरत नाही. इमॅन्युएल कांट याने कृतज्ञतेला पवित्र कर्तव्य म्हटले आणि कारण असे दिले की, उपकाराची कितीही परतफेड केली तरी आधी देण्याचा मान पहिल्या दात्याकडेच राहतो. तो कोणालाही फिरून मिळविता येत नाही, म्हणून हे ऋण कधीच पुरते फिटत नाही. आपल्याकडील ऋणत्रयाची कल्पना याच्या जवळची आहे, आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राच्या ओघात, देवांनी दिलेले त्यांना परत न देता जो भोगतो त्याला चोराच्या पंक्तीत बसविले आहे. परंतु न फिटणारे ऋण आणि न फेडलेले ऋण यांत अंतर आहे, आणि धार्मिक मनाची गफलत बहुधा येथेच होते. देवाचे ऋण फिटणारे नाही म्हणून त्यापुढे नम्र व्हावे. केप कॉडच्या टोपलीतील मक्याचे ऋण फिटणारे होते, आणि ते फेडलेच पाहिजे होते. पहिल्याच्या अथांगपणात दुसरे बुडवून टाकले म्हणजे माणूस फार भक्तिमान दिसतो.

थँक्सगिव्हिंगची तोंडीलावणी मला या दृष्टीने एखाद्या जुन्या खातेवहीसारखी वाटतात, कारण घरातील कोणी लिहीत नसताही त्यांत देण्याघेण्याच्या नोंदी राहून गेल्या आहेत. मका, भोपळा आणि घेवडा ही एकाच आळ्यात लावण्याची त्या भूमीतील लोकांची जुनी रीत होती. क्रॅनबेरी त्यांच्याच दलदलीतली. बटाटा अँडीज पर्वतातल्या शेतकऱ्यांनी माणसाळविला आणि युरोपची फेरी करून तो न्यू इंग्लंडला आला. रताळे उष्ण अमेरिकेचे. टर्कीसुद्धा मेक्सिकोतील लोकांनी पाळीव केली, स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि इंग्रजांनी ती पुन्हा अटलांटिक ओलांडून आणली. क्रॅनबेरीचा आंबटपणा आणि भोपळ्याचा तुरटपणा ज्या साखरेने निवविला ती दीडदोन शतके कॅरिबियन बेटांतील गुलामांच्या घामातून आली. टर्कीबरोबर क्रॅनबेरी वाढावी हे सांगणारे आणि भोपळ्याचे पुडिंग पायसारखे भाजण्याची कृती देणारे अमेलिया सिमन्स यांचे पाकपुस्तक १७९६ साली हार्टफर्ड येथे छापले गेले, तेव्हा या नोंदींना घरगुती पाककृतीचे रूप आले. न्यू जर्सी किंवा शिकागोच्या परिसरात स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी जी शाकाहारी आहेत त्यांच्या पंगतीतून टर्की वगळली जाते आणि तिच्याबरोबर तिच्या रसाची ग्रेव्हीही जाते. मग ताटात उरते काय, तर भोपळा, मका, रताळे, बटाटा, फरसबी आणि क्रॅनबेरी. सणाचा मुख्य पदार्थच गेला असे त्यांच्या मुलांना शाळासोबत्यांपुढे वाटत असेल, तर त्यांना सांगावे की ज्या लोकांचे देणे या दिवसावर आहे त्यांच्या शेतातले आणि रानातले जवळजवळ सारे आपल्या ताटात शिल्लक आहे.

त्याच भूखंडावर आभार मानण्याची एक याहून जुनी पद्धत आहे आणि ती नोव्हेंबरची वाट पाहत नाही. होडिनोशोनी, ज्यांना इरोक्वॉय असेही म्हणतात, त्या राष्ट्रसंघात कोणत्याही सभेच्या प्रारंभी आभाराचे एक दीर्घ पठण होते. जमलेली माणसे, भूमाता, पाणी, मासे, वनस्पती, पिके, औषधी मुळ्या, पशू, वृक्ष, पक्षी, चार दिशांचे वारे, मेघगर्जना, सूर्य, आजी म्हणून चंद्र, तारे, ज्ञानी गुरू, आणि सर्वांत शेवटी निर्माता, अशा क्रमाने एकेकाचे नाव घेऊन आभार मानले जातात आणि दर खेपेस सर्वांची मने एक झाल्याचे म्हटले जाते. निर्माता शेवटी येतो यात त्याचा अनादर नाही. वाटेतील कोणालाही ओलांडून त्याच्यापर्यंत जावयाचे नाही, एवढाच त्या क्रमाचा अर्थ मला दिसतो. प्युरिटनांनी ज्यांना देव ठाऊक नाही असे मानले त्यांनी आभाराचा हा तपशील राखला होता. ज्या पवित्र ग्रंथाचा प्युरिटनांना अभिमान होता त्यातही या बाबतीत एक सूक्ष्म तरतूद आहे. लेवीय ग्रंथाच्या सातव्या अध्यायाप्रमाणे आभाराच्या बळीचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवावयाचे, सकाळपर्यंत काही उरता कामा नये. आणि मिश्नाच्या परंपरेनुसार त्याबरोबर चाळीस भाकरी असत. एका कुटुंबाला एका दिवसात एवढे खाणे अशक्य, म्हणून यजमानाला शेजारीपाजारी बोलवावे लागतात आणि आपण कशाबद्दल आभार मानतो आहोत हे त्यांना सांगावे लागते, असा त्याचा उलगडा ज्यू भाष्यकारांनी केला आहे. अमेरिकन घरांत शुक्रवारी उरलेल्या टर्कीचे सँडविच होतात आणि मुलांना ते आवडतातही. पण आखणी करणाऱ्याने यादीच्या माथ्यावर प्रथम माणसांची नावे लिहावी आणि मग पौंड मोजावे, हा त्या विधानाचा आशय आजही तसाच लागू आहे.

या आखणीत एक कलम मात्र गळून गेले आहे आणि ते परत यावे असे मला मनापासून वाटते. सारा हेल या संपादिकेने अनेक वर्षे चालविलेल्या तगाद्यानंतर, आणि २८ सप्टेंबर १८६३ च्या तिच्या पत्रानंतर थोड्याच दिवसांत, अब्राहम लिंकन यांनी ३ ऑक्टोबर १८६३ रोजी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभाराचा म्हणून जाहीर केला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच जाहीरनाम्यात राष्ट्राच्या स्वैराचाराबद्दल नम्र अनुतापाची मागणी आहे, आणि यादवी युद्धाने विधवा, पोरके व दुःखी झालेल्यांची आठवण आहे. आणि त्याच वर्षी ३० एप्रिल हा दिवस लिंकन यांनी राष्ट्रीय उपोषण आणि प्रार्थनेसाठी नेमला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. न्यू इंग्लंडमध्ये वसंतातील उपोषणाचा दिवस प्युरिटन काळापासून चालत आला होता. मॅसॅच्युसेट्सने १८९४ साली तो रद्द केला. उपवास गेला आणि मेजवानी राहिली. तो उपवास ज्यांनी परत आणला ते मॅसासॉइटचे वंशबांधव आहेत. १९७० साली, मेफ्लॉवरच्या आगमनाला ३५० वर्षे झाल्याच्या समारंभासाठी फ्रँक जेम्स या वाम्पानोआग वक्त्याला बोलावण्यात आले, आणि त्याच्या भाषणाचा मसुदा पाहिल्यावर ते भाषण नाकारण्यात आले. तेव्हा तो व त्याचे सोबती प्लिमथच्या कोल टेकडीवर मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी जमले. तेव्हापासून दर वर्षी त्याच गुरुवारी तेथे राष्ट्रीय शोकदिन पाळला जातो आणि जमलेल्यांपैकी पुष्कळ जण उपाशी असतात.

टर्की ओव्हनमधून दुपारी तीन-चारच्या सुमारास बाहेर येते, आणि तोवर पुष्कळ घरांत भोजनासाठी जागा राहावी म्हणून तसेही थोडकेच खाल्ले जाते. माझी सूचना एवढीच आहे की वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत, बटाटे सोलण्याच्याही आधी, घरातील प्रौढ माणसांचा त्या वेळेपर्यंतचा उपवास लिहावा, आणि मुलांनी कारण विचारले तर केप कॉडच्या मक्यापासून आरंभ करून त्यांना सारी हकीकत सांगावी. टेबलाशी प्रार्थना म्हणणाऱ्याने देवाच्या नावापूर्वी टिस्क्वांटमचे नाव घ्यावे, त्या चार स्त्रियांचे घ्यावे, यंदा ज्यांच्या हातांनी क्रॅनबेरी खुडली आणि कोलार्ड तोडले त्यांची आठवण काढावी. आणि ज्या भूमीवर आपले घर उभे आहे ती कोणत्या लोकांची होती, त्यांचे वंशज आज कोठे आहेत व त्यांचे कोणते हक्क अजून नाकारले जात आहेत, याची चौकशी त्या आठवड्याच्या कामांत क्रॅनबेरीच्या शेजारी लिहून ठेवावी, म्हणजे ती सोमवारीच हाती घेता येईल.